कारण आणि कसूर

आमच्या शहरातल्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बारावीला आनुवंशिकतेचं प्रकरण आलं, की मेंडेलचे वाटाणे संपवून आम्ही एक जादा तास घेत असू. तो अभ्यासक्रमात नव्हता. वर्गात आपल्या समाजाची मुलंमुली असत आणि त्यांच्यातल्या कित्येकांची लग्नं मामेभाऊ-आतेबहीण अशा नात्यांत आधीच ठरल्यासारखी असत, हे आम्हांला ठाऊक होतं. म्हणून फळ्यावर चौकोन आणि वर्तुळं काढून, रेघा ओढून, एकाच आजोबांच्या रक्तातला दोष नातवंडांच्या लग्नातून पणतवंडांत कसा दुहेरी उतरतो, हे आम्ही समजावून सांगत असू. थॅलसेमियाचं उदाहरण देत असू. आणि शेवटी एक वाक्य दरवर्षी ठरलेलं : "रक्तातलं लग्न म्हणजे लॉटरीचं तिकीट. फक्त बक्षीस दुखण्याचं." मुलं हसायची. खरं सांगायचं तर ते वाक्य आम्हांलाही फार आवडायचं.

अशा लग्नांतून जन्मलेली बहुसंख्य मुलं ठणठणीत असतात, ही दुसरी बाजू त्या तासाला आम्ही कधी सांगितली नाही. सुधारणेच्या कामात थोडी अतिशयोक्ती खपते, असं तेव्हा वाटायचं.

२०२२ साली ते वाक्य आमच्याकडे परत आलं.

आमची एक जुनी विद्यार्थिनी. हुशार, अबोल. त्या तासाला ती पहिल्या बाकावर होती. पुढे तिचं लग्न सख्ख्या मामाच्या मुलाशी झालं. घरात कुणी तिला विचारलं नाही आणि आमच्या तासालाही कुणी विचारलं नाही. तिला एक मुलगी, त्या वेळी तीन वर्षांची. एके दिवशी आंघोळ घालताना मुलीच्या डाव्या कुशीत तिच्या हाताला काहीतरी टणक लागलं. तिनं नवऱ्याला सांगितलं. सासू म्हणजे मूळची मुमानीच; ती म्हणाली, "लेकराच्या पोटात वायू धरलाय." गल्लीतल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. मग एक ताबीज आलं. पोट वाढत होतं, हातपाय बारीक होत होते. पोरगी बाळसं धरतेय असं एक पाहुणी म्हणाली. महिना असाच गेला. लघवीतून लाल जायला लागलं तेव्हा सोनोग्राफी झाली आणि तिथून सरळ मुंबई.

विल्म्स ट्यूमर. लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग. जर्मनीच्या माक्स विल्म्स नावाच्या शल्यचिकित्सकानं १८९९ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला, म्हणून हे नाव. साधारण दहा हजार मुलांत एकाला होतो, बहुतेकदा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत. गाठ नाजूक असते, दाबली तर फुटू शकते. म्हणून इस्पितळात मुलीच्या पलंगाला एक कागद चिकटवला होता : 'पोट दाबू नये.' आधी चार आठवडे केमो, मग शस्त्रक्रिया. डावं मूत्रपिंड गाठीसकट काढलं. मग पुन्हा केमो.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ही मंडळी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरली होती. लांबलांबून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथं राहतात. जात-धर्म कुणी विचारत नाही. मुलीच्या डोक्यावरचे केस गेले होते. ती एका प्लॅस्टिकच्या बशीत भाताची शितं मोजत बसली होती. आम्हांला पाहून तिचा काका उठला. तोही आमचाच विद्यार्थी. हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाला, "सर, तुमचं ते तिकीट आमच्या घराला लागलं बघा."

मुलीची आई खाली मान घालून बसली होती. नंतर बाहेर चहाच्या गाडीजवळ ती आमच्याशी बोलली. आजवर आमच्याशी ती नेहमी शुद्ध मराठीत बोलत आली होती. त्या दिवशी घरातली बोली तोंडातून आली : "सर, मेरा क्या कसूर है? तुमीच बोले थे ना क्लास में. सब वोइच बोल रहे." घरात ठरत होतं, की उपचार संपले की तिनं काही दिवस माहेरी राहावं. दुसरं मूल तिच्या पोटी नकोच.

आता यातली गंमत पाहा. गंमत हा शब्द वापरताना लाज वाटते, पण दुसरा सुचत नाही. नवरा आणि बायको एकाच आजोबांची नातवंडं. दोष रक्ताचा म्हणायचा, तर ते रक्त दोघांत सारखंच. घराण्यातलंच लग्न घराण्यानंच ठरवलं. तरी दोष मात्र तिच्या एकटीच्या पदराला बांधला गेला. आमच्या फळ्यावरच्या आकृतीत चौकोनापासून आणि वर्तुळापासून खाली येणाऱ्या रेघा सारख्याच लांबीच्या होत्या. घरी पोचेपर्यंत चौकोनाची रेघ कुणीतरी पुसली होती.

आम्ही उत्तर दिलं नाही. आम्हांला ते येतच नव्हतं. एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला या गाठीबद्दल एक ओळ माहीत नव्हती. परतीच्या गाडीत बसल्यापासून वाचायला सुरुवात केली. पुढचं सगळं त्या वाचनातून आणि तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून कळलेलं.

मूल आईच्या पोटात असताना मूत्रपिंड तयार होतं. गाळण्या एकेक करून घडत जातात आणि जन्माच्या महिनाभर आधी हे काम साधारण आटोपतं. पण काही वेळा काही पेशी मागे राहतात. त्यांना गाळणी व्हायचं होतं, त्या झाल्या नाहीत. मोठं होण्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही म्हणा. इतर कारणानं दगावलेल्या तान्ह्या बाळांची मूत्रपिंडं तपासली, तेव्हा शंभरांतल्या एखाद्यात असे पुंजके सापडले. म्हणजे कर्करोगाच्या मानानं ते कितीतरी जास्त मुलांत असतात आणि बहुतेकांत आपोआप विरून जातात. कुणाला पत्ताही लागत नाही. अशा हजारो मुलांच्या आया आपल्या आसपास आहेत. त्यांच्या लेकरांच्या कुशीत तेच बीज होतं आणि ते रुजलं नाही. त्यांना कुणी शाबासकी देत नाही. मग ज्या एकीच्या लेकराच्या कुशीत ते रुजलं, तिला शिक्षा कशाची?

बीज रुजतं कसं, याचा पहिला नीट विचार अमेरिकेत ॲल्फ्रेड नुडसन या डॉक्टरनं केला. १९७१ साली त्यानं मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगाच्या ४८ रुग्णांचा हिशेब मांडला. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत असं सांगता येईल : पेशीच्या दाराला दोन कड्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही निघाल्या तरच दार उघडतं. काही मुलं जन्मतःच एक कडी निघालेली घेऊन येतात, त्यांना एकच अपघात पुरतो. बाकीच्यांच्या एकाच पेशीत, एकामागून एक, दोन्ही अपघात व्हावे लागतात. पुढच्याच वर्षी त्यानं आणि लुईझ स्ट्राँग या बाईंनी हेच गणित विल्म्सच्या गाठीला लावलं. अकराव्या गुणसूत्रावरचं डब्ल्यूटी-वन हे जनुक १९९० साली हाती लागलं आणि काही काळ वाटलं, की कोडं सुटलं. पण ते जनुक जेमतेम पाचांतल्या एका गाठीत बिघडलेलं निघालं. नंतर एकेक नावं वाढत गेली. २००७ साली एक्स गुणसूत्रावरचं एक, २०१४-१५च्या सुमारास आणखी बरीच. डोळ्याच्या गाठीचं दार एक होतं. या घराला दारं पुष्कळ निघाली.

यांतल्या बहुतेक गाठींत बदल फक्त गाठीत असतो, मुलाच्या रक्तात नसतो. आईत नाही, बापात नाही, आजोबांत नाही. पोटातल्या किंवा जन्मानंतरच्या कुठल्याशा दिवशी एका पेशीनं आपली प्रत काढताना एक अक्षर चुकवलं, इतकंच. २०१९ साली एका अभ्यासात २३ मुलांची काढलेली मूत्रपिंडं बारकाईनं पाहिली गेली. त्यांतल्या १४ जणांत गाठीच्या शेजारचा, दिसायला अगदी निरोगी भागही गाठीच्याच मूळ पेशीची लेकरं निघाला. रक्तात मात्र त्या खुणा नव्हत्या. म्हणजे चूक घडली ती गर्भात मूत्रपिंड आकार घेत असताना, आईच्या रक्तातून न येता, आईच्या पोटात. आई त्या वेळी ग्रहणात भाजी चिरत होती की नव्हती, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि मामेभावाशी लग्न? आमच्या जादा तासाचं काय? दोन्हीकडून सदोष प्रत आल्यावर होणारे काही अतिशय विरळ विकार आहेत आणि त्यांत ही गाठ होऊ शकते, हे खरं. पण अशा मुलांत जन्मापासून दुसऱ्याही खुणा असतात. या मुलीत तसलं काही नव्हतं. सर्वसाधारण विल्म्सच्या गाठीचा नात्यातल्या लग्नाशी संबंध जोडायला काही आधार नाही. नात्यातली लग्नं टाळावीत, हे आमचं मत आजही कायम आहे. त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती पुरेशी आहेत. पण खऱ्या गोष्टीसाठी आम्ही तयार केलेलं वाक्य खोट्या जागी जाऊन लागलं, आणि ते लागेल असंच आम्ही ते घासूनपुसून केलं होतं.

एक गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. अकराव्या गुणसूत्राच्या टोकाला वाढीचा हुकूम देणारं एक जनुक आहे. त्याच्या दोन प्रतींपैकी फक्त बापाकडून आलेली बोलते. आईकडून आलेली जन्मभर गप्प असते. निसर्गाची तशी व्यवस्थाच आहे. विल्म्सच्या पुष्कळ गाठींत ही व्यवस्था मोडलेली सापडते. कधी आईकडची प्रतही बोलू लागते, कधी ती गळून पडते आणि तिच्या जागी बापाचीच प्रत दुप्पट होते. दोन्हीकडून 'वाढ, वाढ' असा एकच गलका. ही माहिती हाती येताच आमच्या मनात पहिला विचार काय आला असेल? की आता त्या काकाला दाखवतो. बघ म्हणावं, आवाज कुणाच्या बाजूचा चढलाय ते! नव्यानं घडणारे आनुवंशिक बदलही आईपेक्षा बापाकडूनच जास्त येतात आणि बापाचं वय वाढेल तसे ते वाढतात, हेही वाचलं होतं. वकिलाला लागेल तेवढा पुरावा आमच्याजवळ होता. मग लक्षात आलं, की आपण पुन्हा तेच करतो आहोत. फळ्यावर उरलेली रेघ पुसून तिथं पुसलेली रेघ काढतो आहोत. आम्ही ते कुणाला सांगितलं नाही.

दोनेक महिन्यांनी तपासणीचे कागद आले. काढलेल्या मूत्रपिंडात ते मागे राहिलेले पुंजके सापडले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मुलीचं रक्तही तपासायला पाठवलं होतं. गाठीत अकराव्या गुणसूत्राचा तो बदल होता. रक्तात, जेवढं शोधलं तेवढ्यात, काही नव्हतं. बाईंनी शब्द जपून वापरले. "शोधलं तेवढ्यात" हे त्यांनी दोनदा म्हटलं. पण घरच्यांनी एवढंच ऐकलं, की रक्त साफ आहे. काकानं वॉर्डात पेढे वाटले. सासूनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. माहेरी पाठवायचं बोलणं मिटलं. ती रडली आणि आम्हीही, चष्मा पुसायच्या निमित्तानं, थोडे बाजूला झालो.

शेजारच्या पलंगावर मराठवाड्यातलं एक जोडपं होतं. त्यांच्या मुलाच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी होत्या. असं शंभरांतल्या पाच-सात मुलांत होतं. त्याचा अहवाल आदल्या आठवड्यात आला होता. ट्रिम-ट्वेंटीएट नावाच्या जनुकातला बदल, मुलाच्या रक्तात आणि त्याच्या आईच्याही रक्तात. हा बदल ज्यांना वारशानं येतो, त्यांना तो बहुतेक वेळा आईकडूनच येतो, असं दिसून आलं आहे. तिची स्वतःची मूत्रपिंडं मात्र धडधाकट होती. तिला आयुष्यात कधी कळलंही नसतं. त्या बाईच्या हातावर पेढा ठेवला, तेव्हा तिनं विचारलं, "तुमचा कागद चांगला आला का?" आणि पेढा पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

हा लेख लिहायचं खरं कारण तो पेढा आहे.

आमच्या विद्यार्थिनीची सुटका झाली, ती कशावर? रक्तात नाही म्हणून. म्हणजे असतं, तर ती गुन्हेगार ठरली असती, हे आम्ही सगळ्यांनी पेढा खाता खाता मान्य केलं होतं. अदालत तीच राहिली, कायदा तोच राहिला. फक्त या खेपेला आरोपी निर्दोष सुटली आणि शेजारची आरोपी आपोआप दोषी ठरली. अज्ञान गेलं की अन्याय जातो, असं आम्ही आयुष्यभर समजत आलो. इथं तर ज्ञान पूर्ण आलं होतं, अक्षर न् अक्षर वाचून आलं होतं आणि अन्यायाला त्यानं पक्का पत्ता लिहून दिला.

कारण आणि कसूर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बोलायला हे सोपं आहे. पावसानं घर पडलं तर पाऊस कारण असतो. त्याला कुणी कसूरवार म्हणत नाही. कसूर म्हणायला निवड हवी, निदान निष्काळजी हवी. त्या मराठवाड्यातल्या बाईनं काय निवडलं होतं? ती जन्मली तेव्हाच ते अक्षर तिच्यात होतं. तिनं मूल जन्माला घातलं, जसं जगातल्या सगळ्या आया घालतात. प्रत्येक मुलाला आपली निम्मी अक्षरं जातात, कुठली निम्मी हे ठरवणं कुणाच्या हातात नसतं. यात जर कसूर असेल, तर जन्म देणं हाच कसूर ठरेल.

आणि तरीही. तिला ही सगळी मांडणी समजावून सांगितली असती, तरी तिच्या छातीवरचा दगड हलला असता असं आम्हांला वाटत नाही. बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७६ साली एक उदाहरण दिलं होतं. एका ट्रकवाल्याच्या गाडीखाली पोर येतं. त्याची तिळमात्र चूक नसते. बघणाऱ्या कुणालाही वाईट वाटतंच, पण ट्रकवाल्याला वाटतं ते वेगळं असतं. हे आपल्या हातून झालं, असं ते वाटणं असतं. लोक त्याला समजावतात, समजावलंच पाहिजे. पण तो जर खांदे उडवून 'माझी चूक नव्हती' म्हणाला आणि चहा प्यायला गेला, तर आपल्याला तो माणूस बरा वाटत नाही. आईचं दुःख या जातीचं आहे. ते वेडेपणा नव्हे आणि अडाणीपणाही नव्हे. ते तिचं आहे, तिनं ते बाळगावं. पण त्याचा कबुलीजबाब म्हणून उपयोग करायचा हक्क दुसऱ्या कुणाला मिळत नाही. आम्ही नेमकं तेच करतो : ती रडते, म्हणजे तिला आतून माहीत असणार, असं म्हणतो. आणि ट्रकवाल्यानं निदान गाडी तरी चालवली होती.

नसीब, तकदीर हे शब्द अशा वेळी आपल्याकडे लगेच बाहेर येतात. आम्ही त्या शब्दांचे वैरी नाही. कसूर शोधणाऱ्या बोटाला खाली घ्यायला लावायचं असेल, तर तो शब्द फार उपयोगी पडतो. पण घराघरांत तो सोयीनं वापरला जातो. मुलगा दगावला तर तकदीर, मुलगी झाली तर सून. आपल्या परंपरेत या प्रश्नावर अधिक प्रामाणिक माणसं होऊन गेली आहेत. बसऱ्यातली एक हकीकत सांगतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वी तिथं अल्-जुब्बाई नावाचे मोठे पंडित होते; ईश्वर जे करतो ते माणसाच्या भल्याचंच असतं आणि त्याचा हिशेब बुद्धीला लागतो, असं त्यांचं मत. त्यांचा शिष्य अल्-अशअरी यानं एकदा विचारलं : तीन भाऊ होते. एक नेक होऊन मेला, एक बंडखोर होऊन मेला आणि एक लहानपणीच गेला. लहानग्यानं तक्रार केली, की मलाही जगू दिलं असतं, तर मीही पुण्य जोडलं असतं, तर? गुरू म्हणाले, ईश्वर त्याला सांगेल, की तू मोठा होऊन बिघडणार हे मला माहीत होतं, म्हणून तुझ्या भल्यासाठीच लवकर नेलं. शिष्यानं विचारलं, मग तो बंडखोर ओरडून म्हणेल, की मला का नाही लहानपणीच नेलं? गुरू गप्प झाले. इतिहास म्हणून ही हकीकत कितपत खरी, यावर वाद आहेत. पण लहान मुलाच्या दुखण्याला हिशेब लावू पाहणाऱ्याला शेवटी गप्प व्हावं लागतं, हे तेव्हाच कुणीतरी ओळखलं होतं. त्या धर्मशाळेत आम्हांला त्या गप्प बसण्याचीच गरज होती. काका बोलत होता, सासू बोलत होती, आणि त्या सगळ्यांच्या आधी, वर्षानुवर्षं, आम्ही बोलून ठेवलं होतं.

बरं, कसूर कुठेच नव्हता का? होता की. एक महिना गेला होता. जी बाई आरोपी होती, तिनंच स्वतःच्या हातानं गाठ शोधून काढली होती, पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि कुणी ऐकलं नव्हतं. श्रीमंत देशांत या गाठीची दहांतली नऊ मुलं बरी होतात. १९५०च्या दशकापासून एकेक औषध, एकेक शस्त्रक्रिया, एकेक अभ्यास जोडत माणसांनी हे साधलं आहे. आपल्याकडे मुलं मागे पडतात, ती बहुतांशी उशिरा आल्यामुळे आणि उपचार अर्धवट सोडल्यामुळे. पैसे संपतात, रजा संपते, शेतीचं काम येतं. इथं माणसं निवड करत असतात, इथं कानाडोळा होत असतो, इथं खुशाल कसूर विचारावा : जंताचं औषध देणाऱ्याला, ताबीज आणणाऱ्याला, 'बायकांना काहीही वाटतं' म्हणणाऱ्या नवऱ्याला, आणि जिल्ह्याच्या गावी हा उपचार का मिळत नाही म्हणून राज्यकर्त्यांना. पण त्या घरात त्या महिन्याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. सगळी चौकशी आजोबांच्या रक्ताची झाली. मेलेल्या आजोबांची चौकशी करणं सोपं असतं.

मराठवाड्यातल्या बाईचा दुसरा प्रश्न अजून आमच्या डोक्यातून जात नाही. तिला दोन धाकट्या बहिणी. तिच्यातलं ते अक्षर तिच्या आईकडून आलं असेल, तर प्रत्येक बहिणीत असण्याची शक्यता निम्मी. एकीला तान्हं मूल होतं, दुसरीचं लग्न जमत होतं. ज्यांच्यात असा बदल आहे, त्या मुलांची सात-आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात. गाठ सुपारीएवढी असताना सापडली, तर मूत्रपिंडाचा बराच भाग वाचवता येतो. म्हणजे सांगणं जरुरीचं. आणि सांगितलं की लग्न मोडणार, हेही तितकंच पक्कं. तिनं आमच्या विद्यार्थिनीला सांगितलं, की मी कुणाला सांगणार नाही.

पूर्वीचे आम्ही असतो, तर लगेच म्हणालो असतो की हा गुन्हा आहे. आज आम्हांला वाटतं, तिनं बहिणींना सांगावं, आणि फक्त बहिणींना. ते अक्षर ज्यांच्या शरीरात असू शकतं, त्यांचा त्या माहितीवर हक्क आहे. त्यांच्या सासूचा नाही, होणाऱ्या सासऱ्याचा नाही, भावकीचा नाही. मागे जे झालं, त्याबद्दल ती कुणाला काही लागत नाही. पुढे जे टळू शकतं, त्याबद्दल मात्र ती लागते, कारण आता तिला माहीत आहे. हे तिच्यावर रक्तामुळे आलेलं नाही, माहितीमुळे आलेलं आहे. पण हे तिला सांगायला जावं, तर ती आम्हांला विचारील, की लग्न मोडलं तर तुम्ही काय करणार? त्याला उत्तर आमच्याजवळ नाही. आम्ही गेलो नाही. ते बरोबर केलं की भित्रेपणा केला, तेही ठरवता येत नाही.

आमची विद्यार्थिनी गेल्या महिन्यात भेटली. मुलगी शाळेत जाते. केस दाट आलेत. पोटावर आडवा व्रण आहे. त्याला ती आपली 'चेन' म्हणते. तपासण्या चालू आहेत. दुसरं मूल झालं, मुलगा. अहवालाची फाईल तिनं ट्रंकेत निकाहनाम्याबरोबर ठेवली आहे. मुलगी मोठी झाली की तिच्या हातात देणार म्हणते. त्या वाया गेलेल्या महिन्याबद्दल घरात कधी बोललीस का, असं आम्ही विचारलं. म्हणाली, "नाही सर. सासूबाईंना वाईट वाटेल."

आम्ही बसलो होतो तेवढ्यात मुलीच्या आंघोळीची वेळ झाली. मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. पाणी ओतता ओतता आईचा आवाज मध्येच थांबला आणि मुलगी आतून किंचाळली, "अम्मी, छोड ना! गुदगुदी होती!"